एकसष्ट उल्का आणि एक कोपर

ला हिगेरीता,
१९ डिसेंबर

परम आदरणीय कोंपाद्रे नोर्बेर्तो यांस,

एवारिस्तो कोदोसेओचा टोपी काढून आणि कमरेत जमेल तेवढं वाकून नमस्कार. (वाकलो की नाही हे तुम्हाला दिसणार नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.) तुमचा गुडघा काय म्हणतो? समुद्राची हवा सांध्यांना मानवत नाही हे मी पाच वर्षांपूर्वी, तुम्ही ला सेरेनाला बिऱ्हाड हलवत होतात त्याच दिवशी, ट्रकवर तुमची गादी चढवताना सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. असो. सूनबाई, नातवंडं आणि पिंजऱ्यातली ती पिवळी पाखरं खुशाल असतील. आमची मुलगी, जिला बाप्तिस्म्याच्या दिवशी हातात धरून तुम्ही माझे कोंपाद्रे झालात, ती आंतोफागास्ताला खाणीच्या ऑफिसात मजेत आहे. दर रविवारी फोन करते आणि न चुकता धर्मपित्याची चौकशी करते. (बापाची करत नाही. बाप फोनच्या शेजारीच बसलेला असतो, तेव्हा जिवंत आहे हे तिला कळत असावं.) इकडे द्राक्षं भरली आहेत, बकऱ्यांचं चीज झकास झालंय आणि पाऊस दरवर्षीप्रमाणे पडलेला नाही. फक्त कामान्चाका, आपलं समुद्राकडून येणारं धुकं, हल्ली फार माजलंय. पूर्वी ते खालच्या पुलाशी येऊन शहाण्यासारखं थांबायचं. आता तीन वर्षं झाली, सरळ आपल्या टेकडीवर चढून येतं. वर्तमानपत्रांची छपाईही पुसट झालीय, शाईत पाणी घालतात की काय कोण जाणे. बाकी तक्रार नाही.

पत्र लिहायला कारण की, तेरा तारखेच्या रात्री जे झालं ते तुमच्या कानावर आलंच असणार. तुमच्याकडच्या बसचा ड्रायव्हर हा आमच्या आबेलार्दो फार्मसीवाल्याचा मावसभाऊ. तो बटाट्याची पोती आणि गावच्या बातम्या एकाच फेरीत वाहतो, आणि बटाटे तरी वजनाला बरोबर भरतात. तेव्हा म्हटलं, खरं काय ते मीच कळवावं.

तुम्हाला हे सगळं माहीतच आहे, पण वय झालं की माणूस विसरतो (माझं नाही म्हणत, तुमचं म्हणतोय), म्हणून थोडं मागून सुरुवात करतो. आपल्या आकाशमित्र मंडळाची मोजणीची वही गेली एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. दर डिसेंबरात मिथुनेच्या उल्का मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा, सही करायची आणि जगभरच्या मोजणीदारांचे आकडे जिथं जमतात तिथं पाठवायचा. त्या लोकांनी मला कधी पाहिलेलं नाही, पण आमच्या एका खोऱ्याचं आभाळ ते माझ्या शब्दावर मान्य करतात. आयुष्यभर मी घड्याळं दुरुस्त केली. त्यातलं एकही आज कुणाच्या हातात नसेल, पण वही आहे. माणसाकडे असं काहीतरी एक असावं लागतं, कोंपाद्रे. तुमच्याकडे पाखरं आहेत.

मोजायची रीत मी घालून दिली ती अजून तीच आहे. अंधारात मान खाली घालून कागदावर लिहायला गेलं की वरची उल्का निसटते आणि दिवा लावला तर डोळ्यांचा अंधार बिघडतो. म्हणून उजव्या खिशात राजमा. एक उल्का दिसली की एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात. पहाटे डावा खिसा मोजायचा. यात चूक होऊच शकत नाही. (अठ्ठ्याण्णव साली झाली ती रीतीची चूक नव्हती. त्या वर्षी मी दमून झोपलो आणि आमच्या हिनं, म्हणजे हेर्मिंदानं, कोटाचे दोन्ही खिसे झाडून दाणे भिजत घातले. अख्खा उल्कावर्षाव आम्ही दुपारी मक्याच्या दाण्यांबरोबर खाल्ला. चवीला चांगला होता. वहीत मी ‘ढगाळ’ लिहिलं.) आणि दुसरा नियम, जो मी मंडळाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून वदवून घेतला होता. ज्याची नजर त्याची उल्का. शेजारचा ‘ती बघा’ म्हणाला आणि तुम्ही मान वळवलीत, तर ती उल्का शेजाऱ्याची. तुम्ही दाण्याला हात लावायचा नाही. म्हणूनच मोजणीदार एकमेकांकडे पाठ करून आडवे होतात आणि तोंड बंद ठेवतात. २००३ साली तुम्ही माझ्या ओरडण्यावरून एक दाणा सरकवलात आणि सकाळी भाबडेपणानं तसं कबूलही केलंत. तो दाणा मी तुमच्या तळहातावरून सगळ्यांदेखत उचलून फेकून दिला होता. त्यानंतर आपण सहा आठवडे एकमेकांशी बोललो नव्हतो. पण नियम म्हणजे नियम.

आता आमच्या गावच्या शाळेत दोन वर्षांमागं यामिलेत नावाची नवीन मास्तरीण आली. सव्वीस वर्षांची पोरगी, अंगानं काडी, पण नजर घारीची. मंडळात आली, रीत शिकली, नियम पाळते, मला काका म्हणते, चहा ओतून देते. दोष काढायला जागाच ठेवत नाही, आणि हाच तिचा मोठा दोष. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघांनी मोजलं. तिच्या डाव्या खिशात त्रेचाळीस दाणे, माझ्या डाव्या खिशात सहा. मे महिन्यात कुंभेच्या उल्कांना तिचे एकोणीस, माझे दोन. मी कारणं दिली. धुकं माझ्याच बाजूला जास्त होतं. माझ्या वाट्याला आलेला आभाळाचा तुकडा मुळात गरीब. शिवाय मी कडक मोजतो, हल्लीची पोरं काजवेसुद्धा मोजतात. (आपल्याकडे काजवे नाहीत हे आबेलार्दोनं तिथल्या तिथं निदर्शनास आणून दिलं. हा माणूस खोकल्याचं औषध विकतो आणि मंडळाचा अध्यक्षपणा करतो, दोन्ही घशाखाली उतरत नाही.) नोव्हेंबरच्या बैठकीत त्यानं ठराव मांडला की यंदा डिसेंबरात दोघांनी पुन्हा मोजावं आणि एवारिस्तोंचा आकडा यामिलेतच्या निम्म्याहून कमी भरला, तर वही तिच्याकडे द्यावी. ती बिचारी म्हणाली, “काकांनी आयुष्यभर मोजल्यात, वही काकांचीच.” असं कुणी माझी बाजू घेतली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी उभा राहिलो आणि ठरावाच्या बाजूनं मीच पहिला हात वर केला. घरी येऊन जेवलो नाही.

म्हणजे तेरा डिसेंबरच्या रात्रीवर वही टांगलेली होती, आणि नेमकी तीच रात्र आमच्या नगराध्यक्षाबाईंनी सार्वजनिक केली. ओव्हाये शहराच्या रेडिओवर त्यांनी ऐकलं की तासाला दीडशे उल्का पडणार. मी जाऊन समजावलं की बाई, हे दीडशे त्यांच्यासाठी, ज्यांच्या डोक्यावर मिथुन रास चढते. आपल्याकडे ती रात्री अकरानंतर उत्तरेच्या डोंगराआडून कशीबशी डोकं काढते आणि पहाटेपर्यंत तिथंच रेंगाळते. खरी मोजणी दीडनंतर. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, साडेदहा चालेल का, लोकांना सकाळी द्राक्षांच्या मळ्यात जायचं असतं. मी म्हटलं, बाई, ही बस नाही. त्या म्हणाल्या, बरं, मग पावणेअकरा.

फुटबॉलच्या मैदानावर कार्यक्रम. आपल्या लोकांना तुम्ही ओळखता. आभाळात काही होणार म्हटलं की आधी जमिनीवर निखारे पेटायला हवेत. आठ वाजल्यापासून सहा ठिकाणी मांस भाजायला घेतलं होतं, धूर इतका की चंद्र असता तर खोकला असता. निम्मं गाव मोटारी घेऊन आलं आणि दिवे चालू ठेवून मैदानाभोवती उभं राहिलं, कारण अंधारात सॅलडमध्ये काय आहे ते दिसत नाही. वर मैदानाचे चार मोठे झोत. मी आबेलार्दोला म्हटलं, झोत विझवायला सांग. तो म्हणाला, बाईंचं भाषण झाल्यावर. भाषणात बाईंनी नवीन गटारापासून सुरुवात केली आणि विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत आल्या, मग पुन्हा गटाराकडे वळल्या.

मग सत्कार. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मला व्यासपीठावर बोलावलं, हातात एक प्रशस्तिपत्र दिलं आणि बाई म्हणाल्या, तुम्हीच वाचून दाखवा. झोत बरोबर माझ्या तोंडावर. अशा उजेडात गरुडालाही अक्षर दिसलं नसतं. आता सगळ्या गावासमोर वाचता येत नाही म्हणायचं कसं? मी घसा खाकरला आणि मनानंच वाचलं. एकतीस वर्षं ज्यांनी निष्ठेनं आकाशाची सेवा केली, ज्यांच्या अचूक नजरेमुळं आपल्या खोऱ्याचं नाव जगात पोचलं, वगैरे. स्वतःबद्दल इतकं चांगलं मी आजवर कुठं ऐकलं नव्हतं. टाळ्याही पडल्या. फक्त पहिल्या रांगेतले लाल शर्टवाले टाळ्या वाजवीनात. नंतर कळलं की कागदांची अदलाबदल झाली होती आणि माझ्या हातात आपल्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचं प्रशस्तिपत्र होतं, नव्या बंबाबद्दल. दलाचा कप्तान तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

पावणेअकराला झोत विझवले आणि बाईंनी माइकवरून उलटी मोजणी सुरू केली. दहा, नऊ, आठ. नवीन वर्षाला बंदरावर दारूकाम बघायला जातात ना, अगदी तश्शी. सगळं मैदान ओरडतंय, तीन, दोन, एक. आणि सातशे माणसं तोंड उघडं टाकून वर बघत उभी. वर काहीच नाही. कुणीतरी म्हणालं, आवाज कमी पडला. पुन्हा दहापासून. तिसऱ्यांदाही केलं. तेवढ्यात चर्चच्या बाजूला, म्हणजे सगळ्यांच्या पाठीमागं, एक अशी लखलखीत गेली म्हणे की भिंतीवर सावल्या पडल्या. ती फक्त गव्हाचं आणि सुक्या पीचचं सरबत विकणाऱ्या माणसानं पाहिली, कारण तो गिऱ्हाइकांकडे तोंड करून उभा होता. मग अख्खं गाव त्याच्याभोवती. कशी होती, कोणत्या रंगाची, आवाज आला का. त्याचं सरबत दहा मिनिटांत संपलं. मला मात्र लोकांनी येऊन सांगितलं की एवारिस्तो, यंदा तुझा माल कमी पडला. जाताना एका म्हातारीनं तर खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं, जणू माझ्याच घरातलं कुणी गेलं होतं.

दीड वाजता मंडळ टेकडीवर चढलं. आबेलार्दो घड्याळ घेऊन एका दगडावर बसला. यामिलेत पूर्वेकडे पाय करून आडवी झाली, मी पश्चिमेकडे, मध्ये दहा पावलं, एकमेकांकडे पाठ, रीतीप्रमाणे. आणि यंदा हेर्मिंदा माझ्या अगदी लगटून बसली. आता हेर्मिंदाचं तुम्हाला माहीत आहे. एकतीस वर्षं ती दरवेळी येते, थर्मास मधोमध ठेवते, अंधारात नुसत्या बोटांनी मोजे विणते आणि दोनच्या सुमारास घोरते. आभाळाकडे तिनं मान वर करून पाहिलेलं मी तरी पाहिलं नाही. तिचं म्हणणं, जे पडतंय ते पडून गेलं, आता बघून काय उपयोग. यंदा तिनं विणकाम आणलंच नव्हतं. थर्मास ठेवला, माझ्या बाजूला सरकली आणि म्हणाली, “थंडी वाजते, सरक जरा.” डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात. स्वेटर अंगात असताना.

मी मोजायला लागलो. धुकं होतंच, मी म्हटलं नाही का, हल्ली ते वर येतं. पण मी चिकाटीनं मोजलं. हेर्मिंदाला बहुतेक खूपच थंडी वाजत असावी, कारण ती सारखी हलत होती आणि तिचं कोपर अधूनमधून माझ्या बरगडीत घुसत होतं. चांगलं टोकदार कोपर आहे, लग्नाआधी माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून ‘आय’ निघायचं. योगायोगानं त्याच वेळी मला उल्काही दिसायची आणि मी दाणा सरकवायचो. अडीचच्या सुमाराला एकदम पाच-सहा लागोपाठ आल्या, तेव्हा माझी बरगडी आणि राजमा दोन्ही तापले होते. पलीकडून यामिलेतनं एकदाच विचारलं, “काका, तुम्ही बरे आहात ना?” मी म्हटलं, मोजणीच्या वेळी बोलायचं नसतं. साडेतीनला आबेलार्दोनं शिट्टी वाजवली.

दगडावर रुमाल पसरून दाणे मोजले. आधी यामिलेतचे. चौसष्ट. मग माझे. आबेलार्दोनं एकदा मोजले, लाल टॉर्च जवळ नेऊन दुसऱ्यांदा मोजले, मग माझा उजवा खिसाही तपासला. एकसष्ट. कोंपाद्रे, त्याचा चेहरा बघण्यासारखा होता म्हणे. यामिलेतनं मला मिठी मारली. हेर्मिंदा थर्मासचं झाकण लावत म्हणाली की चला, झालं असेल तर झोपायला जाऊ या. वही माझ्याकडे राहिली. ही खरी हकीकत. बसवाला काही वेगळं सांगत असेल तर त्याला विचारा, तो त्या रात्री टेकडीवर होता का म्हणून.

घरच्या सर्वांना यथायोग्य सांगावं. गुडघ्याला गरम मिठाची पुरचुंडी लावत जा. आणि आमच्यावर जो लोभ आहे तो इथल्या धुक्यासारखा वाढता असू द्या.

तुमचा कोंपाद्रे,
एवारिस्तो कोदोसेओ

ता. क. – ला सेरेनाच्या बाजारात पपईच्या पाकाच्या बरण्या मिळतात, त्यातल्या दोन आमच्यासाठी बाजूला काढून ठेवा. पैसे भेटीत.

ता. क. दुसरा – भेटीतच म्हटलं, कारण भेटायला यावं म्हणतो. तुमच्या सूनबाई त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कामाला आहेत ना? नाताळाच्या आत माझा नंबर लागतो का बघा. हेर्मिंदाला काही कळू द्यायचं नाही. तुम्ही फोन करून सांगा की पपईसाठी या, समुद्र बघायला या, काहीही. ती तुमच्या घरी गप्पा मारत बसेल तेवढ्यात मी जाऊन येईन.

ता. क. तिसरा – आता इतकं लिहिलंच आहे तर लपवून काय करू. एकसष्टपैकी मी पाहिल्या चार. त्यातली एक विमान असावी. बाकी सत्तावन्न कोपरानं मोजल्या. पहिल्या दोनतीन वेळा मला खरंच वाटलं की तिला थंडी वाजतेय. नंतर कळलं, आणि कळल्यावरही मी दाणे सरकवत राहिलो. धुकं या तीन वर्षांत टेकडीवर एकदाही आलेलं नाही, ते अजून पुलापाशीच थांबतं. वर जे आहे ते माझ्या डोळ्यांत आहे. घड्याळांचं दुकान बंद केलं तेही, मी सगळ्यांना सांगितलं तसं, मोबाइलमुळं नाही. मधल्या चाकाचे दात मला दिसेनासे झाले होते. कोंपाद्रे, मला भीती वाटते. वही गेली तर टेकडीवर जायला मला कारण काय राहिलं? घरी पडून राहायचं आणि लोकांनी सकाळी येऊन सांगायचं की काल छान पडल्या? पण त्या आकड्याखाली सही करायला बसलो तर हातही उठत नाही. वार्षिक अहवाल याच पाकिटात घातलाय, बिनसहीचा. पाठवायचा की फाडायचा ते तुम्हीच ठरवा. आणि २००३ सालचा तुमचा तो दाणा मी परत करतो. चुकलंच माझं.

ता. क. चौथा – नमस्कार कोंपाद्रे, मी हेर्मिंदा. म्हाताऱ्यानं हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकिटावर पत्ता दोनदा लिहिला होता, एकावर एक, म्हणून उघडावं लागलं. आतही तीच गत, निम्म्या ओळी दुसऱ्या ओळींवर चढलेल्या. तुम्ही आठ दिवस अक्षरं लावत बसला असता, म्हणून मी सगळं नव्या कागदावर उतरवून काढलंय. माझ्याबद्दल जे लिहिलंय तेही जसंच्या तसं ठेवलंय, घोरण्यासकट. त्याच्या डोळ्यांचं मला दोन वर्षांपासून माहीत आहे. जो माणूस कॉफीत मीठ घालून मुकाट्यानं पितो, त्याचं बायकोला कळत नाही असं फक्त त्यालाच वाटू शकतं. तुमच्या सूनबाईंशी मी मागच्याच आठवड्यात फोनवर बोलले. मोतीबिंदू असावा, दोन्ही डोळ्यांत, काढता येतो असं त्या म्हणाल्या. येत्या गुरुवारचा नंबर लागलाय, बसची दोन तिकिटं काढलीत. तुम्ही मात्र पपईसाठीच बोलवा. आपण मला फसवून नेतोय असं त्याला वाटू द्या, नाहीतर तो यायचा नाही.

यामिलेतलाही सगळं कळलेलं आहे. ती पाठ करून झोपली होती, बहिरी नव्हती, म्हाताऱ्याचं ‘आय’ तिनं एकसष्ट वेळा ऐकलं. दुसऱ्या दिवशी चीज घ्यायला म्हणून घरी आली आणि हळूच मला म्हणाली की डोळे बरे होईपर्यंत वही तुम्हीच सांभाळा. ज्याची नजर त्याची उल्का, असं ह्यांनीच ठरवलंय ना? मग मंडळाची वर्गणी भरून आले. अहवालावर मी माझं नाव घातलंय आणि सहीसुद्धा माझीच केलीय. तो फाडू नका, पाठवा. आकडाही बदललाय. त्या रात्री अडुसष्ट पडल्या. एकसष्ट मी त्याला दिल्या, तो म्हणतो त्या चारसुद्धा. सात वेळा कोपर मारायचं राहून गेलं, म्हणजे राहून गेलं नाही, मारलंच नाही. एकतीस वर्षं मी त्या टेकडीवर मोजे विणत बसले, आणि हे असलं काही वर चाललेलं असतं हे मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्या सात मी कुणालाच द्यायची नाही.

हेर्मिंदा